कपाटाच्या आठ खुंट्या

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक कपाट मनात आणा. उभं नाही, खोक्यात आडवं बांधलेलं. सुट्या फळ्या, एक दार, दोन बिजागऱ्या आणि स्क्रूंची पुडी. फळ्याही सागाच्या नव्हेत, लाकडाचा भुसा दाबून केलेल्या. १९७४ साली सोलापुरात असं कपाट प्रदर्शनातून आणून घरी जोडणं ही मोठीच गोष्ट होती, आणि कापडगिरणीतले कारकून चन्नवीर यांना मोठ्या गोष्टींची हौस होती.

त्यांनी एका दुपारीच कपाट उभं केलं. खोक्यातला इंग्रजी कागद न वाचताच वरच्या फळीवर अंथरला. कागद वाचून काम करतो तो शिकाऊ, असं त्यांचं मत होतं. शेवटी बोटाच्या पेराएवढ्या आठ लाकडी खुंट्या उरल्या. कंपनीने जास्तीच्या दिल्या असतील, असं म्हणून त्यांनी त्या आपल्या नऊ वर्षांच्या ईरम्माला खेळायला दिल्या. तिने त्यांची शाळा केली. सात मुली, एक बाई.

आठवड्याभरात बिजागऱ्या ढिल्या झाल्या आणि दार लोंबायला लागलं. चन्नवीरांनी चौकशी केली नाही, थेट निकाल दिला.

"दाराला लोंबकळली असशील. न्हाईतर नवं दार असं कशानं हुईल?"

"न्हाई अप्पा, मी हातबी लावला न्हाई."

"खोटं बोलती वर. यंदा तुला गड्ड्याला न्यायचं न्हाई."

गड्डा म्हणजे सोलापुरातली संक्रांतीची यात्रा. तिथे उंच पाळणे लागत. मागच्या वर्षी पाळणेवाल्याने ईरम्माला अजून बुटकी आहेस म्हणून परत पाठवलं होतं. तेव्हापासून ती दर महिन्याला भिंतीला पाठ लावून आपली उंची मोजत होती. आई सुंदरम्मा तिच्या बाजूने बोलायला गेली, तर तिला आमटी उतू जातेय का ते बघायला सांगण्यात आलं.

मग शेजारचे निंगप्पा आले. गिरणीत मागांची दुरुस्ती करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. जे कुरकुरतं त्याला तेल आणि जे हलतं त्याला पाना, एवढ्या दोन गोष्टींवर त्यांनी सगळे माग चालवले होते. त्यांनी बिजागऱ्यांत तेलाची अर्धी बुधली रिकामी केली. भुसा तेल प्यायला, फुगला आणि भिजलेल्या भाकरीसारखा मऊ पडला. मग त्यांनी जोर लावून स्क्रू आवळले, तसं दार अलगद त्यांच्याच मिठीत आलं.

"माग असता तर पळाला असता," दार सांभाळत निंगप्पा म्हणाले. "तुमचं कपाटच अडाणी हाय."

ईरम्मा आपली शाळा ओंजळीत घेऊन आली. "अप्पा, ह्या त्या भोकांत बसत्यात बघा की."

"मोठी माणसं काम करायलीत. गप बस."

कपाट रिकामं करताना सुंदरम्माच्या हाती वरच्या फळीवरचा कागद आला. त्यावर चित्रं होती. आधी भोक, मग भोकात खुंटी, मग खुंटीत स्क्रू. तिने कागद नवऱ्यापुढे धरला. चन्नवीरांनी तो पाहिला, मग ईरम्माच्या ओंजळीकडे पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले. "म्हणून तर हिच्याकडं सांभाळायला दिल्या हुत्या."

शाळेला त्याच क्षणी सुट्टी झाली. पण भोकांतलं तेल निघेना. त्यांत राख भरून फळी पाच दिवस उन्हात ठेवावी लागली. सहाव्या दिवशी खुंट्या ठोकल्या, दार बसवलं. एका बोटाने उघडे, एका बोटाने लागे. त्याच सकाळी पाळणेवाल्यांनी आपले खांब ट्रकवर चढवले होते.

"अप्पा, आता मला गड्ड्याला..."

"गड्डा उठला की. फुडच्या वर्षी बघू."

दार लोंबकळल्याने मोडलं नव्हतं, याबद्दल कोणी काही बोललं नाही. चन्नवीरांनी निंगप्पांना बोलावून चार वेळा दार ओढून दाखवलं, हत्ती लोंबकळला तरी हलायचं नाही म्हणाले आणि त्यांच्याबरोबर चहा प्यायला ओट्यावर जाऊन बसले.

ईरम्मा कपाटापुढे आली. मग तिने दार उघडलं, वरची कड दोन्ही हातांनी धरली, दाराच्या खालच्या आडव्या पट्टीवर एक पाय ठेवला आणि दुसऱ्या पायाने भिंतीला रेटा दिला.

दार गेलं, आलं, पुन्हा गेलं. कुरकुरलंसुद्धा नाही.