सबनीसकाकांचा मालक

रात्री दिवे गेले की समोरच्या दारातून हाक यायची, "ऊन गेलं का हो तुमचंही?"

हे आमचे सबनीसकाका. वीज हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हताच. अख्खी नोकरी त्यांनी घाटातल्या, डोंगराच्या पोटात बांधलेल्या वीजघरात काढली आणि निवृत्त झाल्यावर वाशीला आमच्या शेजारी एकटेच राहायला आले. एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तेव्हा आमच्या खिडकीतून थेट खाडीपर्यंत मोकळा चिखल दिसायचा.

नवा माणूस भेटला की काका त्याला पंख्याखाली बसवत. "हवा लागतेय? मालकाची कृपा."

मालक म्हणजे सूर्य. मालक समुद्राची वाफ करतो, ढग घाटावर चढवतो, पाऊस पाडतो. "आम्ही फक्त ते पाणी उतारावरून चाकावर सोडायचो. हमाली आमची, दुकान त्याचं." खाडीवरचा वारा? मालकानं जमीन तापवली म्हणून. शेगडीतला कोळसा? जुनं ऊन. माझ्या नवऱ्यानं एकदा त्यांना पेचात पकडायला भरतीचं विचारलं.

"ती बहुतेक चंद्राकडे," काका नाराजीनं म्हणाले. "ते खातं वेगळं."

त्या वर्षी भर दुपारी मोठं सूर्यग्रहण लागणार होतं. मला सातवा महिना होता, आणि आधीचं एक पोटातच गेलं होतं. सासूबाईंनी धसकाच घेतला. विळी, सुया, कात्री सगळं कपाटात बंद. ग्रहण सुटेपर्यंत मी पलंगावर पडून राहायचं, हलायचं नाही, खायचं नाही, पाण्याचा थेंब नाही. मी बी.एस्सी. झालेली, ग्रहण कसं लागतं ते शाळेत शिकवलंही होतं. पण त्या दिवशी मला नाही म्हणायचा धीर झाला नाही. काही झालंच तर?

नवरा ऑफिसात अडकलेला. खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खिडक्यांना चादरी लावलेल्या. त्यातून येणारं ऊन आधी पितळेसारखं झालं, मग राखेसारखं. वारा पडला. कुठेतरी कुत्रं रडायला लागलं. आणि माझ्या लक्षात आलं, बाळ हलत नाहीये. एरवी दुपारी लाथा मारून हैराण करायचं. मी सासूबाईंना सांगितलं, तर त्या देवाचं नाव घेत रडायलाच लागल्या.

इतक्यात दार वाजलं.

"उघडू नकोस!" सासूबाई मलाच ओरडल्या, जशी काही मी उठणारच होते.

"वहिनी, मी सबनीस."

सासूबाईंनी दार किलकिलं केलं. काका आत आले ते घामानं भिजलेले. माझ्याकडे बघून म्हणाले, "हिला पाणी कधी दिलंत?"

"सकाळी. ग्रहणात चालत नाही, भावजी."

मला वाटलं, आता व्याख्यान. पण काकांनी आवाज खाली आणला. "वहिनी, पाणी कोणाचं? त्यानंच समुद्रातून उचललं, त्यानंच डोंगरावर ओतलं. आज तो अडचणीत आहे म्हणून त्याचं पाणी त्याच्या लेकराला चालणार नाही? आणि पाप लागलंच, तर ते माझ्या नावावर."

सासूबाईंनी एकदा देव्हाऱ्याकडे पाहिलं. मग माठाकडे गेल्या. पेल्यात तुळशीचं पान मात्र टाकलंच.

पेला काकांनी माझ्यापुढे धरला. घाईत अर्धं पाणी माझ्या पदरावर सांडलं. उरलेलं मी प्यायले, कुशीवर वळले, डोळे मिटून वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं आतून एक लाथ बसली.

"हललं," मी म्हणाले.

सासूबाईंनी पदरात तोंड लपवलं. काका भिंतीला टेकून जमिनीवर बसले.

"काका, तुम्ही का इतके घाबरलात?"

"अशाच एका ग्रहणात आमची ही क्वार्टरमध्ये एकटी होती," ते म्हणाले. "तिचे तर दिवस भरत आलेले. कडक पाळलं तिनं. मी खाली भुयारात ड्यूटीवर. तिथे आमचे दिवे लख्ख. वर ग्रहण लागलंय हे मला कळलंसुद्धा नाही."

"मग?"

"संध्याकाळी वर आलो, तर शेजारच्या बायका दारात उभ्या होत्या."



चादरीमागचा उजेड हळूहळू पिवळा झाला. सासूबाईंनी ग्रहण सुटल्याची आंघोळ केली, पण काकांना आंघोळीला पिटाळलं नाही. ओल्या केसांनीच भात टाकला आणि पहिलं ताट त्यांच्यापुढे ठेवलं.

"जेवा, भावजी."

काका जेवले. मधेच हात थांबवून माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "हलतंय ना?"

मी दर वेळी हो म्हणत होते.