परांजपेकाका आणि वासाची बाटली

हळदीकुंकवाला वाइन घेऊन येणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आमच्या नॉटिंगहॅममध्ये आहे. परांजपेकाका, रिटायर्ड भूलतज्ज्ञ, आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. गेल्या संक्रांतीला माझ्या लाउंजमध्ये बायका दाटीवाटीने बसलेल्या. मी प्रत्येकीच्या हाताला अत्तर लावत पुढे सरकतेय आणि माझ्यामागून काका, ग्लास घेऊन. "पिऊ नका हवं तर. नुसता वास घ्या. कसला येतोय, सांगा."

वाइन कायम एकच. फ्रेंच आल्प्समधल्या साव्हुआची, पांढरी, ड्राय. बारसं असो, सत्यनारायण असो, कुणाकडे नवा बॉयलर बसलेला असो, काका बाटली ओल्या पंच्यात गुंडाळून हजर. स्वतः घोटभरही घेत नाहीत. आणि तुम्ही "छान आहे" म्हणालात की मेलात. "छान हा काय वास झाला? नीट सांगा." माझा नवरा एकदा ऐटीत "सिट्रस" म्हणाला. काकांनी त्याची उलटतपासणीच घेतली. "कुठलं? मोसंबी की ईडलिंबू? साल की रस?" लेलेवहिनी मात्र "धुतलेल्या पाट्यावरवंट्याचा" म्हणाल्या, तेव्हा स्वारी जाम खूश.

मला त्यांचा रागच यायचा. कारण त्यांच्या घरी सुधाकाकू. आमटी न चाखता, नुसत्या वासावरून मीठ कमी आहे हे सांगणारी बाई. दीड वर्षापूर्वी तापात तिला वास येणं बंद झालं ते झालंच. तिने स्वयंपाक सोडला, आमच्याकडे येणं सोडलं. "चव नाही, वास नाही, येऊन करू काय?" बायको अशी घरात बसलेली आणि ह्यांना वाइन सुचतेय.

म्हणून त्या दिवशी माझा नंबर आल्यावर मी फटकन म्हटलं, "काका, ह्याला न वाळलेल्या मोज्यांचा वास येतोय."

काका चिडले नाहीत. "न वाळलेले मोजे," असं दोनदा पुटपुटले आणि तिळगूळ न घेताच निघाले. मफलर खुर्चीवरच.

मफलर आणि तिळगूळ घेऊन मी गेले. मागचं दार नुसतं लोटलेलं. किचनमध्ये काकू डोळे मिटून, ग्लास नाकाशी धरून बसलेली, आणि काका समोर उभे राहून पाठ म्हटल्यासारखे सांगत होते. "लेलेवहिनी म्हणाल्या पाटावरवंटा. देशपांडेवहिनी म्हणाल्या हिरवं सफरचंद. आठव ना सुधा, त्या डोंगरात तू पहिल्यांदा प्यायलीस, तीच ही. आणि आपली वैदेही म्हणते, न वाळलेले मोजे."

काकू हसायलाच लागली. किती महिन्यांनी ऐकलं मी ते हसणं.

"मोजे कसले? त्या पोरीला काही कळत नाही. कैरीची साल आहे ती. नुकती सोललेली."

काका एकदम पुढे वाकले. "आला? वास आला तुला?"

"नाही हो. आठवला."

काकांनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले. "चालेल," म्हणाले. "तेवढा चालेल मला."