डाळिंबाच्या सालीपुढं विरजण हरलं

हर्षल हल्ली जेवायला बसला की आधी ताटाची तपासणी करायचा. वाटी उजेडात धरायची, कडेवरून बोट फिरवायचं, मग ते बोट हुंगायचं. मनकर्णाबाईंना हे अजिबात खपत नव्हतं.

"भाकरी खातोयस का पंचनामा करतोयस?"

"आई, भांड्याला जिवाणू चिकटलेले असतात. डोळ्यांना दिसत नाहीत."

"दिसत न्हाईत ना? मग त्यांनाबी तू दिसत नसशील. गप जेव."

हर्षल संगमनेरच्या एका कॉलेजात औषधी वनस्पतींच्या अर्कांवर पीएच.डी. करत होता. म्हणजे काय, तर कुणाच्या तरी बांधावरची निरगुडी ओरबाडून आणायची, सावलीत वाळवायची, घरच्या मिक्सरवर दळायची आणि मिक्सर तसाच ठेवायचा. मग शेंगदाण्याचं कूट कडू झालं की ते आईनं खायचं. यंदा त्याचं मन डाळिंबाच्या सालीवर बसलं होतं. रसाच्या गाड्यामागं पोतं पसरून साली गोळा करणारा आपला मुलगा दिसला, तेव्हा मनकर्णाबाईंनी एसटीत बसल्या बसल्या तोंड दुसऱ्या खिडकीकडे फिरवलं होतं.

"ह्यात अँटीऑक्सिडंट असतात, आई. त्यानं शरीरातल्या पेशी गंजत नाहीत."

"मी काय नांगराचा फाळ हाय गंजायला?"

कॉलेजात मात्र त्या अर्काची डाळ शिजत नव्हती. काचेच्या बशीत जिवाणू वाढवायचे, मधोमध अर्कात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची, आणि टिकलीभोवतीचे जिवाणू मरून स्वच्छ कडं पडतंय का ते बघायचं, असा तो खेळ. कडं काही नीट पडेना, आणि सर सही करीनात. मग हर्षलनं अर्क आणखी दाट केला आणि बाटल्या भरून घरी आणला. "भांडी ह्यात दिवसभर बुडवून ठेव, आई. बघ कशी निर्जंतुक होतात."

एरवी मनकर्णाबाईंनी त्या बाटल्या उकिरड्यावर फेकल्या असत्या. पण रविवारी राहुरीहून गोरक्षभाऊ आपल्या मुलीला, रेश्माला, घेऊन येणार होते. हर्षलशी जमतंय का ते बघायला. गोरक्षभाऊंचा जन्म दूध डेअरीत गेलेला. मनकर्णाबाईंनी आधीच निरोप धाडला होता की आमच्याकडं दही सुरीनं कापावं लागतं.

ते खोटंही नव्हतं. सासूबाईंच्या हातचं विरजण त्यांनी रोज थोडं मागं ठेवत आजवर चालवलं होतं. आळीतल्या प्रत्येक घरात त्यांचंच विरजण. दिवेलागणीनंतर त्या ते कुणाला देत नसत, आणि दिवसा देताना दोन शब्द ऐकवून देत. स्वतः मात्र वाटी घेऊन कधी कुणाच्या दारात गेल्या नव्हत्या.

तर पाहुणे शिकलेले, भांडी लखलखीत हवीत म्हणून शनिवारी गाडगी, तांब्या, विरजणाची वाटीसुद्धा अर्कात बुडाली, आणि रात्री न विसळता त्यांतच दूध विरजलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण मुलानं औषध काढलंय हे आळीला कळायला नको? मनकर्णाबाईंनी घरोघर बाटल्या वाटल्या. समोर राहणाऱ्या चुलत जावेला, रतनबाईला, देताना म्हणाल्या, "तुझ्या भांड्यांना जास्त गरज हाय."

रविवारी सकाळी गाडग्यावरचं झाकण काढलं, तर आत दूध. काल ओतलं तसंच, फक्त जरा तांबूस.

मनकर्णाबाईंनी आधी म्हशीवर संशय घेतला, मग थंडीवर, मग रतनबाईच्या नजरेवर. विरजणाची वाटी बघितली, तिथंही पाणचट दूध. पाहुणे वाटेवर होते. शेवटी त्यांनी पदराखाली वाटी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या दारात उभ्या राहिल्या.

रतनबाईनं वाटी बघितली आणि सावकाश पाट मांडला. "बसा की आक्का. कधी न्हाई ते आलात."

"बसायला न्हाई आले. चमचाभर विरजण दे."

"असतं तर दिलंच असतं. तुमी दिलेल्या औषधात काल गाडगं बुडवलं. दूध हाय तसंच हाय. मीच आता तुमच्याकडं येनार हुते. सगळ्या आळीत बोंब हाय, कुनाचंच दही लागलं न्हाई."

मनकर्णाबाई परतल्या तेव्हा पाहुणे ओसरीवर बसले होते. त्यांनी हर्षलला आत बोलावून खालच्या आवाजात सगळं सांगितलं. हर्षलचा चेहरा एकदम उजळला. तो तसाच बाहेर धावला.

"भाऊ, आमच्या अख्ख्या आळीत दही लागलं नाही. एकाही घरात नाही. विरजणातले सगळे जिवाणू मेले. सर म्हणत होते अर्कात दम नाही."

मनकर्णाबाईंनी दाराची चौकट धरली. गोरक्षभाऊ गंभीर झाले. त्यांनी गाडगं मागवलं, हुंगलं, बोट बुडवून चाखलं.

"उन्हाळ्यात आमचं कॅनमधलं दूध नासतं," ते म्हणाले. "तुमच्या अर्कानं कॅन धुतले तर टिकंल काय?"

"तपासून बघावं लागेल, पण टिकावं."

"मग बघू की. पोरगं कामाचं हाय, रेश्मा."

रेश्मा खाली बघून हसली. जमलं. मग गोरक्षभाऊ मनकर्णाबाईंकडे वळले आणि मोठ्या मायेनं म्हणाले, "विहीनबाई, काळजी करू नका. तुमचं विरजण गेलं तर गेलं. उद्या आमच्याकडनं बरनीभर धाडतो. आळीलाबी वाटा."

पाहुणे गेले. हर्षल हसत आईच्या पाया पडायला वाकला.

"उठ," मनकर्णाबाई म्हणाल्या. "सासूबाई गेल्या तवा मी रडले न्हाई, त्यांचं विरजण माझ्या हातात हुतं. तू त्येबी मारलंस, आन् वर पाव्हण्यांना हसून सांगितलंस. आता पोराची आई असून मी पोरीच्या बापाकडनं विरजण घेनार, आन् रतन माझ्याकडनं घेताना गालात हसनार. अर्क तुझा गुनाचा निघाला, हर्षल. तू न्हाई निघालास."