काडेपेट्यांच्या दौलतीची हकीकत

श्री. जो विघ्नें हरितो, त्यानें या दौलतींत हरवलेलेंही शोधोन द्यावें, ऐसी विनंती करोन हे हकीकत लिहिली ऐसीजे.

शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख मासीं, तीन खोल्यांच्या एका राज्यांत अच्युतराव म्हणोन राजे होते, आणि मोडक्या रेडियोंतून, टीव्हींतून बारीक नग उपटोन सांभाळावे हा त्यांचा जन्माचा छंद, आणि रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, कॅपॅसिटर ऐसी अवघी प्रजा बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यांत गुण्यागोविंदानें नांदे, आणि राजे आंत बोटें घालोन हवा तो नग क्षणांत काढीत. पुढें मनीं आलें कीं दौलत वाढली, बंदोबस्त पाहिजे. मग राणीसाहेब सुनंदाबाई यांजपाशीं कपबश्यांचें कांचेचें कपाट मागितलें. बाई बोलिल्या, "घ्या. पण घरात काही बिघडलं, तर त्याच दिवशी दुरुस्त झालं पाहिजे. नाही झालं, तर हा सगळा पसारा मी सांगेन तिकडे जाईल." राजांनी शर्त कबूल केली, आणि रिकाम्या काडेपेट्या एकीस एक चिकटवोन शेंकडों खण उभे केले, आणि खणोखणीं नांवाची चिठ्ठी लाविली. येथेंच घात जाहला. चिठ्ठ्यांपुरता डिंक घरांत उरला नव्हता आणि राजांस धीर नव्हता, म्हणोन कणकेची खळ शिजविली. खळीचा सुगावा झुरळांस लागला, आणि ती फौज चालोन आली आणि चिठ्ठ्या खळीसकट फस्त करोन गेली.

ऐसियांत कन्या मैथिली इच्या लग्नाची बोलणीं करावयास वराकडील मंडळी यावयाची, तोंच बैठकीचा पंखा बंद पडला. रेग्युलेटरांतील ट्रायक म्हणोन नखाएवढा नग जळाला. तारा थेट जोडिल्या तरी पंखा फिरता, परंतु ती दुरुस्ती नव्हे, पळवाट, ऐसा राजांचा बाणा. दुसरा ट्रायक दौलतींत होता. कोणत्या खणांत, तें झुरळें जाणोत. मग राजे सतरंजीवर एकेक खण उपडा करूं लागले, आणि घामाच्या धारा, आणि नगांचा एकच काला, तोंच पाहुणे दारीं. "अहो, पोरीचं जमत आलेलं मोडाल!" बाई कळवळोन बोलिल्या. राजे आणिक घाईनें खण उपडे करूं लागले, कां कीं कन्या त्यांस जीव कीं प्राण.

वरपिते गजाननपंत आंत आले, सतरंजी पाहिली, आणि मटकन खालीं बसले. "अहो, हे जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर! कुठं मिळाले हो?" मग दोघे व्याही उकाडा विसरोन, बोलणींही विसरोन, नग निवडूं लागले. विहीणबाईंनी राणीसाहेबांकडे पाहोन उसासा टाकिला. "आमच्याकडेही हेच." लग्न तेथेंच ठरलें. परंतु दिवस मावळला आणि ट्रायक कांहीं सांपडला नाहीं. शर्त ती शर्त.

मार्गशीर्षांत विवाह जाहला, आणि राणीसाहेबांनी काडेपेट्यांची अवघी दौलत रुखवतांत चकल्या-अनारशांशेजारीं मांडोन कन्येबरोबर सासरीं रवाना केली. व्याही हर्षले, कपबश्या कपाटांत परतल्या. पाठवणीचे समयीं राजांचे डोळे वाहिले. कन्येसाठीं कीं ट्रान्झिस्टरांसाठीं, हें कोणीं विचारिलें नाहीं.

सारांश, राज्य गेलें, परंतु तेथें जावयाची वाट राहिली. दर रविवारीं राजे व्याह्यांकडे जातात, कन्येच्या हातचा चहा घेतात, आणि एकच नग खिशांत घालोन परततात. राणीसाहेब म्हणतात, "एकदाच काय ते सगळे आणा की!" राजे म्हणतात, "पुढच्या रविवारी बघू." बैठकीचा पंखा थेट तारांवर फिरतो. ट्रायक कन्येस केव्हांच सांपडला आहे. राजांनीं तो अद्याप मागितला नाहीं.