कर्नल साळोखे यांचं गरम सफरचंद

कर्नल साळोखे यांच्याकडे जेवायला जायचं, तर आधी लेखी हुकूम येतो. पूर्वी तो कागदावर यायचा, आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, पण भाषा तीच. 'आगमन १९३० वाजता. पोशाख नेटका, चप्पल चालणार नाही. सूप १९४५. मुख्य जेवण २०००. पुडिंग २०३०: भाजलेलं सफरचंद, गरम.' आम्ही त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. अठरा पायऱ्या उतरून येणाऱ्यांना आगमनाची वेळ कळवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. एकदा मी चार मिनिटं लवकर पोचलो. त्यांनी दार उघडलं, घड्याळ पाहिलं, "मास्तर, तुम्ही अजून वर आहात," असं म्हणाले आणि दार लावून घेतलं.

साळोखे मूळचे कोल्हापूरचे. नोकरीत देशभर फिरले आणि निवृत्तीनंतर चंदिगडला राहिले, कारण त्यांच्या मते हे देशातलं एकमेव शहर आहे जे रांगेत उभं राहतं. मी इथल्या विद्यापीठात इतिहास शिकवायचो. लढायांबद्दलचं माझं ज्ञान पुस्तकी आहे, असं ते मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवतात. "पुडिंगशिवाय जेवण म्हणजे सलामीशिवाय परेड," हे त्यांचं आणखी एक लाडकं वाक्य. ते पुडिंग शालिनीवहिनी करायच्या. कर्नलसाहेब फक्त त्याची घोषणा करायचे.

म्हणूनच ऑक्टोबरात एका सकाळी मी त्यांच्याकडे पेपर मागायला गेलो, तेव्हा मला दाराची चौकट धरावी लागली. कर्नलसाहेब स्वयंपाकघरात होते. अंगात वहिनींचा फुलाफुलांचा एप्रन होता आणि हातात सुरी. चाळीस वर्षांच्या संसारात आपण त्या खोलीत मीठ आणायलाही गेलो नाही, असं त्यांनीच मला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं.

"बघताय काय? मिशन आहे," ते म्हणाले.

वहिनी दोन महिने पुण्यात मुलीकडे होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि रविवारी त्या परत येणार होत्या. पण मुलीनं बजावलं होतं, आईनं आता ओट्याशी उभं राहायचं नाही. "बाबा, तुम्हाला साधा चहा येत नाही. आठ दिवस बघते. नाही जमलं तर आईला कायमची इकडे आणते. तुम्हीही या." हे सगळं कर्नलसाहेबांनी मला मुलीच्या आवाजात करून दाखवलं. शेवटचं वाक्य दोनदा.

"मुलीच्या घरात पाहुणा म्हणून राहू, मास्तर? आणि ही तिथेच राहिली, तर मी इथे कुणाला हुकूम सोडू? तुम्हाला?"

"मग वरणभात शिका की."

"वरणभात कुणालाही येतो," ज्याला तो येत नव्हता तो माणूस म्हणाला. "सगळ्यात अवघड टेकडी आधी घ्यायची. बाकीच्या आपोआप पडतात."

पुढचे काही दिवस ही टेकडी धुराच्या रूपानं आमच्याकडे वर येत राहिली. पहिल्या दिवशी त्यांनी गाभा काढताना सफरचंदाला आरपार भोक पाडलं. आत भरलेलं लोणी, गूळ, दालचिनी, बेदाणे सगळं खाली गळून ओव्हनमध्ये जळलं. "तळ शाबूत ठेवायचा, मास्तर. तळ गेला की रसद गेली." दुसऱ्या दिवशी तळ राहिला, पण साल फुटून सफरचंदाचा लगदा झाला. साल फुटू नये म्हणून तिला मध्यावर गोल चीर द्यायची असते, हे त्यांना वहिनींच्या वहीत सापडलं.

"म्हणजे जेवल्यावर पट्टा ढिला करतो, तसंच!" ते इतक्या जोरात ओरडले की मला वाटलं भाजलं.

मग मला 'अपनी मंडी'त नेलं. आठवड्याच्या त्या बाजारात त्यांनी एकेक सफरचंद अंगठ्यानं दाबलं, तळव्यावर उभं केलं, डळमळतं का ते एक डोळा मिटून पाहिलं. अर्ध्या तासानं फळवाल्यानं हात जोडले. "कर्नल साब, सेब है जी, ग्रेनेड नहीं."

शनिवारी रंगीत तालीम होती. मी आणि माझी बायको सुनंदा रीतसर वेळेवर हजर झालो. कर्नलसाहेबांनी ट्रे बाहेर काढला, आम्हाला वाढलं, तळाचा रस वर घातला. मग साय आणायला आत गेले. चमचे राहिले म्हणून पुन्हा गेले. सुनंदाला साय नको होती, ती परत ठेवून आले. मी आणखी रस मागितला, तो आणला. आणि खरा धक्का म्हणजे सफरचंद अप्रतिम झालं होतं. साल सुरकुतलेली, आतला गर चमच्याला लागताच विरघळणारा. या माणसाच्या हातून इतकी नाजूक गोष्ट होऊ शकते, हे पचवायला मला सफरचंदापेक्षा जास्त वेळ लागला.

आमचं संपत आलं तेव्हा ते खुर्चीवर बसले. पहिला घास घेतला आणि थांबले.

"गार आहे."

"वेळ झाला ना काढून," मी म्हणालो.

त्यांनी चमच्यानं वरचं लोणी टोकरलं. ते थिजून पांढरं झालं होतं.

"शालिनी नेहमी शेवटी बसायची," ते म्हणाले. "आणि तेव्हा आठ-आठ, दहा-दहा माणसं असायची. मग ही काय खात होती?"

"हेच," सुनंदा म्हणाली. "आम्ही सगळ्याच हेच खातो, कर्नलसाहेब."

कुणी वेळ विचारावी आणि आपण सांगावी, इतक्या सहज तिनं हे सांगितलं. मी तिच्याकडे पाहिलं. राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांवर मी वर्गात तासन्‌तास बोललो आहे, पण माझ्या समोर बसणाऱ्या बाईच्या ताटातलं अन्न गरम आहे की गार, हे तीस वर्षांत मला विचारावंसं वाटलं नव्हतं. माझ्या चमच्यात मागून घेतलेला जादा रस होता. तो गिळवेना आणि परत ठेवायलाही जागा नव्हती.

कर्नलसाहेबांनी ते गार सफरचंद शेवटपर्यंत खाल्लं.

रविवारी वहिनी आल्या. हातात काठी होती, पण नजर थेट स्वयंपाकघराकडे. जेवण बाहेरून मागवलेलं होतं. त्या टेकड्या अजून शत्रूच्याच ताब्यात होत्या. मग वाफाळता ट्रे आला. वहिनींनी सवयीनं टेबलावर दोन्ही हात टेकले आणि उठायला लागल्या.

"द्या इकडे, मी वाढते."

"शालिनी, बस." त्यांनी पहिलं सफरचंद वहिनींच्या ताटलीत ठेवलं. "आधी तू."

"अहो, पाहुणे बसलेत."

"पाहुणे थांबतील. खा."

आम्ही थांबलो. वहिनींनी संकोचून एक मोठा घास घेतला, थेट तोंडात टाकला, आणि "आई गं!" म्हणून किंचाळल्या.

"पोळलं? दाखव! जीभ दाखव!" कर्नलसाहेब खुर्ची पाडून पाण्याला धावले.

वहिनी तोंडापुढे हात हलवत होत्या. डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या. "फुंकायचं सुचलंच नाही," त्या म्हणाल्या. "सवयच नाही हो!"

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. मुलगी होती. कर्नलसाहेब पाण्याचा ग्लास हातात धरून मध्येच थबकले.

"हो गं, पोचले सुखरूप," वहिनी म्हणाल्या. मग बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. "हो, कळलं... ते आपण मग बोलू." दुसऱ्या हातानं त्यांनी चमचा उचलला आणि त्यावर नीट फुंकर घातली. "नाही, आत्ता नको. आता ठेव बाई फोन, माझं सफरचंद गार होईल."