मु. पो. इस्तंबूल, ता. शिरूर कासार

मौजे उंबरदरा येथील ग्रामपंचायतीचा गोल शिक्का दिनांक अकरा नोव्हेंबर रोजी अभ्यासदौऱ्यासाठी परदेशी रवाना झाला. त्याच्यासोबत ग्रामपंचायत अधिकारी शहादेव, सरपंच सुंदरराव आणि सदस्य तानाजी हे तिघेही गेले.

शिक्का नेण्यामागे कारण होतं. आपल्या माघारी शिक्का गावात राहिला तर सरपंच त्याचा गैरवापर करतील, अशी शहादेवाला खात्री होती. शहादेव शिक्क्यासह गावात राहिला तर तो गैरवापर करील, अशी सरपंचांना खात्री होती. दोघे अंबाजोगाईच्या कॉलेजात एकाच बाकावर शिकलेले असल्यामुळे या खात्रीला वेगळा पुरावा लागत नव्हता. तेव्हा दोघांनीही जायचं आणि शिक्का दोघांच्या डोळ्यांसमोर ठेवायचा, असं ठरलं. शंभर कोऱ्या दाखल्यांचं छापील पुस्तक याच न्यायाने बॅगेत गेलं. दोघांवर लक्ष ठेवायला तानाजीला घेतलं. दौऱ्याचा विषय होता, 'नागरिकांना विनाविलंब सेवा'.

गाडी दारात उभी असताना भिवराबाई आली होती. ती आणि तिचा नवरा दर हंगामाला ऊस तोडायला जातात. मुलगी सुनिता यंदा दहावीला. आईबाप ऊसतोडीला जातात असा दाखला मिळाला, तर तालुक्याच्या वसतिगृहात तिची सोय होणार होती. मुदत एकवीस तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत. दाखला नाही मिळाला, तर पोरगी टोळीबरोबर कारखान्यावर जाणार आणि दहावी उसाच्या फडात राहणार.

"भाऊसाहेब, एवढा एक दाखला देऊन जा की," ती म्हणाली.

"शिक्का बॅगंत बांधला बाई. वीस तारखेला येतोच मी. दुसऱ्या दिशी पयला दाखला तुजा."

शहादेव वाईट माणूस नव्हता, हे इथे सांगितलं पाहिजे. एकोणीस वर्षं तो ग्रामसेवक होता. मग सरकारने पदाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं. नावातला सेवक गेला आणि अधिकारी आला. हा एक बदल त्याने आदेश हातात पडायच्या आधीच अमलात आणला.

ज्या थंड, छोट्या देशात ते गेले, तिथे नागरिकाला कुठलाही दाखला घरबसल्या चार मिनिटांत मिळत होता. शहादेवाने सगळं लक्षपूर्वक पाहिलं आणि तिथल्या अधिकाऱ्याला दुभाष्यामार्फत एकच प्रश्न विचारला.

"मंग लोक तुमच्याकडं येतात कशाला?"

"येतच नाहीत," तो अधिकारी हसून म्हणाला.

शहादेवाला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. ज्याच्या दारात एक माणूस उभा नाही, त्याने रोज सकाळी उठून कपडे तरी कशासाठी घालायचे? रात्री त्याला नीट जेवण गेलं नाही.

परतीचं विमान इस्तंबूलला बदलायचं होतं. तिथे असं धुकं पडलं की विमानतळालाच विमानतळ दिसेना. सगळी उड्डाणं दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत रद्द झाली आणि प्रवाशांना जवळच्या हॉटेलात नेलं.

"म्हंजे मुक्कामी गाडी," सुंदररावांनी निष्कर्ष काढला. "डायवर-कंडक्टर झोपतेत, सकाळी निघती."

हॉटेलच्या काउंटरवरचा कारकून तिघांना पाहून अदबीने उभा राहिला. पासपोर्ट वाचून म्हणाला, "वेलकम, शहादेव बे!"

शहादेव थबकला. "कुनाला बे म्हनतो बे?"

कारकून गडबडला. चूक सुधारावी म्हणून तो सरपंचांपुढे कमरेत वाकला. "सुंदरराव बे!"

सलग तीन वेळा बिनविरोध निवडून आलेल्या माणसाला भर हॉटेलात बे म्हटलं गेलं होतं. तानाजीने बाह्या सारल्या. तेवढ्यात मागून एक हैदराबादी प्रवासी धावला.

"अरे भाई, हौले हो गए क्या? इधर 'बे' मतलब साहब!"

तानाजीने बाह्या पुन्हा खाली घेतल्या. मग शहादेव म्हणाला, "म्हंजे इतकी वर्सं आपन एकमेकाला साहेब म्हनत होतो?"

"हाव बे," तानाजी म्हणाला.

आता प्रश्न होता वाढलेल्या रजेचा. वरिष्ठांना पुरावा दाखवावा लागणार. विमान कंपनीचा माणूस म्हणाला, विलंबाचं प्रमाणपत्र मेलवर येईल, एकवीस कामकाजी दिवसांत.

"एकवीस दिवस!" शहादेव चिडला. "ह्याला काय कारभार म्हनतेत व्हय?"

त्याने कोपऱ्यातलं टेबल धरलं आणि पुस्तक काढलं. त्यात एकाच प्रकारचा छापील मजकूर होता: 'दाखला देण्यात येतो की, श्री./श्रीमती अमुक हे हंगामी ऊसतोड कामगार असून कामानिमित्त घरापासून दूर मुक्कामी आहेत.' शेवटचे चार शब्द परिस्थितीला तंतोतंत लागू होते. पहिल्या शब्दांचं काय करायचं हा प्रश्न होता, पण छापील मजकुरात खाडाखोड करण्याचे अधिकार शहादेवाला नव्हते. त्याने तिघांची नावं भरली आणि शिक्का मारला. शंभर एकरांचे धनी सुंदरराव कागदोपत्री ऊसतोड कामगार झाले.

शिक्का पाहताच कारकून काउंटर सोडून धावत आला.

"मुहुर!"

"हां, मोहर," शहादेव म्हणाला.

"मुहतार?"

"मुखत्यार. मीच."

त्या कारकुनाच्या गावच्या प्रमुखालाही मुहतार म्हणत आणि त्याच्याकडेही असाच शिक्का होता. त्याने कोटाची बटणं लावली, टेबलावर कापड अंथरलं आणि छोट्या पेल्यात कोरा चहा आणून ठेवला. निजामाच्या अमदानीतून जे शब्द शिरूर कासारला उरले होते, ते इथे कामाला आले. शहादेव 'हाजिर' म्हणाला की लोक पुढे येत, 'तमाम' म्हणाला की समाधानाने मान हलवत.

लोक, म्हणजे अडकलेले प्रवासी. प्रत्येकालाच आपापल्या साहेबाला पुरावा दाखवायचा होता आणि एकवीस दिवस कोणालाच थांबायचं नव्हतं. आधी तिघं-चौघं आले. चहा संपेपर्यंत रांग लिफ्टपर्यंत गेली होती.

शहादेवाने मान वर करून रांगेकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. नऊ दिवस तो रांगेवाचून राहिला होता.

कामकाज नियमानुसार चाललं. तानाजी रांग लावत होता. अर्जदाराची ओळख पटवणं सक्तीचं असल्यामुळे सुंदरराव बाजूला खुर्ची टाकून बसले. एक जर्मन दंतवैद्य पुढे आला.

"वळखता का याला?" शहादेवाने विचारलं.

सरपंचांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "लहानपनापासून."

दंतवैद्य ऊसतोड कामगार झाला. त्याच्यामागून ब्राझीलचे दोन फुटबॉल पंच, एक जपानी प्राध्यापक आणि मधुचंद्राला निघालेलं एक नवं जोडपंही झालं. जोडप्याची शहादेवाने कोयता म्हणून एकत्र नोंद केली, कारण टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दाखला घेताना प्रत्येक जण छातीवर हात ठेवून "मुहतार बे" म्हणत होता. एकोणीस वर्षांत उंबरदऱ्यात कोणी त्याच्यापुढे छातीवर हात ठेवला नव्हता. तिथे लोक हात ठेवत ते कपाळावर.

फोन वाजला तेव्हा पुस्तकात एकोणीस दाखले शिल्लक होते.

"भाऊसाहेब, मी सुनिता. तुमचं इमान थांबलं म्हनं. परवा पाचला मुदत सपती. तुमी दाखल्याचा नुसता फोटो पाठवा, वसतिगृहाच्या बाई चालवून घेते म्हनल्या."

पोरगी हुशार होती. शाळेच्या झेंडावंदनाला भाषण तीच करायची, हे शहादेवाला आठवलं. समोर पुस्तक होतं, शिक्का होता, हातात पेन होतं. नाव लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्याने पेन टेकवलंही.

"मुहतार बे!" रांगेतून हाक आली. पुढची बाई छातीवर हात ठेवून उभी होती.

"असं न्हाई करता येत बाळा," तो फोनमध्ये म्हणाला. "अर्जदार समक्ष हजर पायजे. नियम हाय. आल्यावर बघू."

शंभरावा दाखला एका हंगेरियन बाईच्या मांजराला गेला. मांजर पिंजऱ्यात का होईना, समक्ष हजर होतं.

एकवीस तारखेला दुपारी तीन वाजता तिघे उंबरदऱ्यात पोचले. वेशीवर ताशे होते. तानाजीने विमानतळावरूनच फ्लेक्स सांगून ठेवला होता: 'उंबरदऱ्याचा शिक्का सातासमुद्रापार! एका रात्रीत शंभर दाखले!' मिरवणूक, हार, शाल, नारळ आणि सहा भाषणं झाली. 'विनाविलंब सेवा' या विषयावर सुंदरराव एकटेच पस्तीस मिनिटं बोलले. शहादेव मंचावरून उतरला तेव्हा साडेचार वाजले होते. भिवराबाई आणि सुनिता खाली उभ्या होत्या. फाट्यावर टोळीचा ट्रॅक्टर तयार होता, आणि सुनिताला तालुक्याला न्यायला शाळेतले मास्तर मोटारसायकल चालू ठेवून थांबले होते.

"भाऊसाहेब, समक्ष आलोत," भिवराबाई म्हणाली.

"देतो की. कावून न्हाई देनार?" म्हणत शहादेवाने पुस्तक उघडलं.

पुस्तकात नुसत्या स्थळप्रती, म्हणजे दिलेल्या दाखल्यांच्या नकला, उरल्या होत्या. त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटली. मग शेवटापासून पहिल्यापर्यंत.

सुनिताने शेवटची स्थळप्रत वाचली. "मिनोश. वय वर्षं चार. ऊसतोड कामगार." तिने आईकडे पाहिलं. "चार वर्साची हाय आई."

"एवढीशी लेक फडात?" भिवराबाई कळवळली. "मिळू दे गं. तिची तरी साळा व्हईल."

ते मांजर होतं, हे सांगायचा शहादेवाला धीर झाला नाही. पुस्तक मिटून तो म्हणाला, "नवं पुस्तक मागवावं लागंल. आठ दिवस. तवर तू मागनीचा अर्ज करून ठिव बाई, म्हंजे पयला नंबर तुजाच. हितं अंगठा कर."

भिवराबाईने पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर टेकवला. कागद कोराच राहिला. तिने पुन्हा दाबला, जोर लावून. पॅडमधली शाई शंभर दाखल्यांत संपली होती.

"अंगठा उमटत न्हाई म्हंजे अर्ज न्हाई," शहादेव खाली बघत म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

फाट्यावरून ट्रॅक्टरने हॉर्न दिला. मास्तरांनी मोटारसायकल बंद केली. सुनिताने दप्तर भांड्यांच्या गोणीत कोंबलं आणि गोणी डोक्यावर घेतली.

त्याच वेळी तानाजीने दोन फोटो जोडून केलेला एक फोटो मोबाईलवरून सगळीकडे पाठवला. इस्तंबूलची रांग, हार घातलेला शहादेव आणि वर ते सातासमुद्रापारचं वाक्य. तो तुम्हालाही आला होता, मलाही आला होता. किती अभिमान वाटला! आपण दोघांनीही पुढचं काही न विचारता लगेच त्याच्याखाली अंगठा दिला.

आपला छान उमटला.