राजाचं डोकं आणि मुंगवड्या

पवनारच्या प्रभाकरराव मास्तरांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरवलं, राजाला नवं डोकं करायचं. तिथूनच सगळा घोळ झाला.

राजा त्यांच्या बाहुल्यांच्या खेळातला. जुन्या डोक्याचं नाक उंदरांनी नेलेलं. आणि यंदा तर इज्जतीचा सवाल! वर्ध्याच्या महोत्सवात बाहुल्या कायम पोत्याच्या शर्यतीनंतर, 'करमणूक' म्हणून. मास्तरांना त्या नाटकांच्या पंगतीत, 'कला' विभागात हव्या होत्या. ते ठरवणारे साहेब खेळ पाहून घरी जेवायला येणार होते.

मास्तरांनी रद्दी भिजवून, मेथीदाणे घालून वाटली (मेथीनं कीड लागत नाही) आणि पातेलं ओसरीत ठेवलं. शेजारीच बायकोचं, शोभाबाईंचं पातेलं, मुंगवड्यांसाठी हिंग-मिरची घालून सालासकट वाटलेल्या मूगडाळीचं. दोन्ही लगदे करडेच. मास्तरांनी डुलक्या खात डोकं घडवलं, बाईंनी वड्या घातल्या. वर्ध्याचं ऊन ते! सगळं खडखडीत वाळलं.

शाळेच्या पटांगणात खेळ रंगला. "माह्या राज्यात कोणी उपाशी नाई!" राजा गरजला, तोच शेजारच्या नत्थूजींची बकरी पुढे झाली आणि राजाचं डोकं कुरुम कुरुम खाऊ लागली. मास्तरांना रडू फुटायचंच बाकी होतं, पण तोंड थांबेना. "घाबरू नोका! बिनडोक्याचा राजाही राज्य करते!"

पोरं लोळली. साहेब खुर्चीवरून घसरले. "मास्तर, कला विभागात पवनारची एकच जागा आहे. जेवताना सांगतो!"

मास्तर हवेतच घरी आले. साहेब ताटावर बसले. हात धुताना मास्तरांना बोटांना वास आला, हिंग-मिरचीचा. कागदाला हिंग? ते स्वयंपाकघरात धावले.

"अवं, कोणत्या वड्या वाढल्या?"

"परवाच्याच. काऊन?"

"थे माह्या राजाचं डोकं हाये!"

"काहीतरीच! थे त बकरीनं खाल्लं ना?"

"तिनं तुह्या वड्या खाल्ल्या!"

बाहेरून हाक आली, "वहिनी, अजून वड्या आणा!"

साहेबांनी ताट पुसून खाल्लं, ढेकर दिली. "वाहवा! तो मेथीचा कडवटपणा! मास्तर, तुमच्या बाहुल्या छान आहेत, पोरं खूश होतात. पण कला म्हणावी ती ही. पवनारची जागा वहिनींना!"

महोत्सवात शोभाबाईंचा स्टॉल कला विभागात लागला. बाहुल्या पोत्याच्या शर्यतीनंतर. आणि मास्तर आदल्या आठवड्यापासून पाट्याशी, रद्दी वाटत.

"अवो, हात चालवा," शोभाबाई म्हणाल्या. "आन् अग्रलेखाचं पान जास्त टाकजा. थ्यानं वडी चांगली फुगते."